आयत्या वेळचा विषय

"आधी सही, मग चहा," ग्रामसेवक गुरव म्हणाले आणि त्यांनी रजिस्टर माझ्याही पुढे सरकवलं.

"मी गावचा नाही. पेपरचा आहे."

"मग नुसता चहा."

मारुतीच्या देवळासमोर कापडी मंडप होता आणि मंडपाच्या तोंडाशी टेबल. येणारा प्रत्येक जण टेबलाशी वाकून सही करी, नाहीतर शाईच्या डबीत अंगठा बुडवी, आणि आत जाऊन बसे. सभा सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. रजिस्टराच्या डाव्या पानावर विषय लिहिले होते. एक, पिण्याच्या पाण्याचा टँकर. दोन, शाळेचे पत्रे. तीन, आयत्या वेळचे विषय. उजवं पान सह्यांनी भरत आलं होतं. खाली ठरावांसाठी ठेवलेली पानं कोरी होती. ग्रामसभांची रजिस्टरं मी आधीही पाहिली होती. सगळीकडे असंच असतं. सह्या आधी होतात, ठराव नंतर, सवडीनं लिहिले जातात.

जून २००३ चा शेवटचा आठवडा होता. पिंपळघोल हे सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचं, कोरड्या भागातलं गाव. घरटी एक माणूस सैन्यात. चावडीच्या भिंतीत इंग्रजांनी बसवलेला एक संगमरवरी दगड होता. या गावातून त्रेसष्ट माणसं पहिल्या महायुद्धावर गेली आणि त्यातली नऊ परतली नाहीत, एवढंच त्यावर कोरलं होतं. नावं नव्हती.

इराकमधली मोठी लढाई संपली असं अमेरिकेनं दोन महिन्यांपूर्वी जाहीर केलं होतं. आता तिथला बंदोबस्त सांभाळायला भारतानं एक अख्खी डिव्हिजन, म्हणजे पंधरा-सतरा हजार सैनिक पाठवावेत, असा तिचा आग्रह होता. दिल्ली हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. आमचे आवृत्तीप्रमुख दाणी मला म्हणाले, "सैनिकी गाव काय म्हणतंय ते आण. चार प्रतिक्रिया, एक फोटो. पाचच्या आत फॅक्स."

टँकरवर दीड तास भांडण झालं. टँकर वरच्या आळीत आधी थांबतो, खालच्या आळीला गाळ मिळतो, ड्रायव्हर वरच्या आळीचा जावई आहे, वगैरे. अखेर टँकर एक दिवस वर आणि एक दिवस खाली थांबवायचं ठरलं. पत्र्यांचा विषय पाच मिनिटांत संपला. लोक उठायला लागले. ज्यासाठी आले होते ते झालं होतं.

तेव्हा सरपंच उभे राहिले. निवृत्त सुभेदार जनार्दन फडतरे. साठीच्या आतले, ताठ, घरातून निघतानाच कपड्यांना इस्त्री करून आलेले.

"बसा. आयत्या वेळचा विषय आहे. दोन मिनिटं लागतील."

उठलेल्यांपैकी निम्मे बसले. निम्मे मंडपाच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि तंबाखू मळू लागले.

सुभेदार म्हणाले, "देशानं बोलावलं तर इराकला जायला या गावचा प्रत्येक जवान तयार आहे, असा ठराव आपण दिल्लीला पाठवायचा. पत्रकारही आलेले आहेत."

कडेला उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "सुभेदार, अमेरिका लढाई जिंकली म्हणत्यात ना?"

"जिंकली."

"मग आपल्याला कशाला बोलावत्यात? जिंकल्यालं राखायला?"

"तिथं तेल हाय, आबा," दुसरा कुणी म्हणाला.

"तेल हाय, पर पाणी हाय का? न्हाईतर तिथंबी टँकर एक दिवस वर, एक दिवस खाली."

मंडप हसला. सुभेदारही थोडं हसले. मग म्हणाले, "हसण्याचा विषय नाही. आणि एक सांगतो. टँकरचा कागद आणि हा कागद एकाच पाकिटातनं कलेक्टरकडं जाणार. असा ठराव सोबत असला की आपला कागद खाली दबत नाही. समजलं?"

ते सगळ्यांना समजलं.

बायकांच्या बाजूनं एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. शेजारच्या माणसाला मी नाव विचारलं. शालन फडतरे. सुभेदारांच्या थोरल्या भावाची बायको. तो भाऊ श्रीलंकेत गेला होता, शांतिसेनेबरोबर. आता मुलगा विलास पलटणीत होता. सतरा वर्षं भरत आली होती आणि ऑक्टोबरात तो पेन्शनीवर घरी यायचा होता.

त्या जे बोलल्या ते मी शब्दशः उतरवून घेतलं. वही माझ्याकडे अजून आहे.

"भावजी, मला इचारायचंय. आपल्या आजेसासऱ्यांना गोऱ्यांनी बसऱ्याला नेलं. त्ये कुटं मातीत गेले त्ये आजून ठावं न्हाई. ह्यांना लंकेला नेलं, शांतता राखायला. शांतता राखायला गेलेल्या माणसाची ट्रंक परत आली. आता म्हंता आमेरिका बोलावतीया. एकदा तरी इचारू द्या की, भांडान कुनाचं हाय?"

"वहिनी, सैनिक प्रश्न विचारत नाही."

"मी कुटं सैनिक हाय? म्हून तर इचारतीया."

कडेचे लोक तंबाखू मळायचे थांबले.

"शीमेवर जा म्हना. चीन आला, पाकिस्तान आला, मी सोता पोराला ट्रंक भरून दीन. पर दुसऱ्यानं पेटवल्यालं घर इझवायला माझं पोर न्हाई जायाचं. गावाचं काय लिवायचं ते लिवा. माझं न्हाई म्हून लिवा."

"बसा, वहिनी. तुमचं ऐकलं सगळ्यांनी."

"गुरवभाऊसाहेब, लिवताय न्हवं?"

गुरवांनी मान हलवली. त्या बसल्या. सुभेदारांनी "भारतमाता की" म्हटलं, मंडपानं "जय" म्हटलं आणि सभा संपली. मतं घेतली गेली नाहीत, हात वर झाले नाहीत. तशी पद्धतच नव्हती.

मी चार प्रतिक्रिया घेतल्या. एका माजी हवालदाराचा त्याच्या पदकांसह फोटो काढला. मग ठरावाची प्रत घ्यायला पंचायतीच्या खोलीत गेलो. गुरव लिहीतच बसले होते. अक्षर मोत्यासारखं. ठराव क्रमांक सात. भाषा सुभेदारांची. त्याखाली होतं: सूचक, श्री. जनार्दन फडतरे. अनुमोदक, श्रीमती शालन फडतरे. ठराव सर्वानुमते मंजूर.

"भाऊसाहेब, या बाईंनी तर विरोध केला," मी म्हणालो.

"हो, बोलल्या की."

"मग अनुमोदक?"

"अहो, अनुमोदक लागतोच. त्याशिवाय ठराव पुरा होत नाही. सभेत कोण कधी अनुमोदन देतं का? हे मीच घालतो. टँकरला बघा, सूचक वरच्या आळीचा, अनुमोदक खालच्या आळीचा. दोघं तर एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. पण कागदावर शोभतं."

"त्या म्हणाल्या, माझं नाही म्हणून लिहा."

"ग्रामसभेच्या रजिस्टरात एकट्याचं नाही लिहायला रकाना नसतो. आणि वीरपत्नीचं नाव असलं की वर वजन पडतं. त्यांचाच मान आहे. सही आहे ना त्यांची?"

सही होती. उजव्या पानावर एकविसावी. टँकरच्या सभेला आल्याची.

सव्वाचारला मी तालुक्याच्या फॅक्स केंद्रात बसून बातमी लिहिली. शेवटचा परिच्छेद शालनबाईंच्या बोलण्याचा होता. लिहून झाल्यावर पाहिलं तर दुसऱ्या परिच्छेदात त्याच ठरावाच्या अनुमोदक होत्या. एकच बाई एका बातमीत दोन्हीकडे. मी साताऱ्याला फोन लावला.

"कागदावर काय आहे?" दाणींनी विचारलं.

"अनुमोदक."

"कागदाची प्रत तुझ्याकडे आहे?"

"आहे. पण मी समोर होतो. गुरवांनी नाव स्वतःच घातलंय. ही त्यांची नेहमीची..."

"म्हणजे ग्रामसेवकानं खोटा ठराव लिहिला, अशी बातमी आहे तुझी? दे. पण मग ती बातमी वेगळी. त्यात त्याचं म्हणणं लागेल, बीडीओचं म्हणणं लागेल. पाचच्या आत होतंय का?"

"नाही."

"मग कागद आणि तोंड यांत फरक पडला की काय करायचं?"

हा आमच्या कामाचा पहिला नियम होता. मीच तो नव्या वार्ताहरांना शिकवायचो.

"कागद," मी म्हणालो.

शेवटचा परिच्छेद मी माझ्या हातानं कापला. कुणी कापायला लावला नाही. पाचला दहा कमी असताना फॅक्स गेला.

दुसऱ्या दिवशी तीन कॉलम मथळा होता: इराकला जाण्यास पिंपळघोल सज्ज. त्याखाली: वीरपत्नीनेच दिले अनुमोदन. दुसरी ओळ माझी नव्हती. पण तिच्यासाठी लागणारा शब्द न् शब्द मीच पुरवला होता.

जुलैच्या मध्यावर दिल्लीनं नाही म्हटलं. संयुक्त राष्ट्रांचा आदेश नाही तर सैन्य नाही. सातारच्या चौकात कुणी फटाके वाजवले नाहीत की निषेध केला नाही. दाणी म्हणाले, "सुटलो. आता टँकर."

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शालनबाई साताऱ्याला कार्यालयात आल्या. दुपारची एसटी पकडून, एकट्या. पिशवीतून त्यांनी आंतरदेशीय पत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

"वाचा."

"तुमचं पत्र आहे."

"तुमच्यामुळं आलंय. वाचा."

विलासचं पत्र होतं. सुरुवातीला तब्येतीची चौकशी, बायको मंगल आणि दोन मुलांची चौकशी. मग लिहिलं होतं, "पेपरचं कात्रण इथं पोचलं. फळ्यावर लावलंय. साहेबांनी रोल कॉलला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आई, वडील गेल्यावर तू मला कायम मागं ओढलंस. तू आतून अशी असशील असं मला वाटलं नव्हतं. इराकचं रद्द झालं तरी तुझ्या नावाला शोभावं म्हणून मी दोन वर्षं वाढवून मागितली आहेत. कागद ऑगस्टअखेर वर जाईल."

"मी एसटीडीवरनं फोन केला," शालनबाई म्हणाल्या. "म्हनलं, बाबा, मी आसं म्हनलेच न्हाई. तर म्हंतो, आता घाबरून फिरवू नगंस. लोक हसतील. पेपरात हाय, ठरावात हाय. माझ्या पोराला माझ्यापरीस तुमचा पेपर खरा वाटतुया."

मी त्यांच्यासाठी चहा मागवला. त्यांनी घेतला नाही.

"मला जास्ती काय नगं. एक वळ छापा. शालन फडतरेनं न्हाई म्हनलं हुतं. तेवढं कात्रण मी धाडते. म्हैना संपायच्या आत त्यो कागद मागं घील."

मी त्यांना दाणींच्या केबिनमध्ये नेलं. दाणी उठून उभे राहिले, त्यांना खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. त्यांचा आवाज चढला नाही.

"बाई, आम्ही ठरावावरून बातमी दिली. ठराव अजून तसाच आहे. तो असताना मी उलटं छापलं तर उद्या सुभेदार नोटीस पाठवतील, आणि गाव म्हणेल, जवानाच्या आईच्या नावानं पेपर भलतंच छापतोय. दिवस कसे आहेत माहीत आहे तुम्हाला. अमेरिकेविरुद्ध लिहिलं तर चालतं. सैनिकाच्या तयारीविरुद्ध लिहिलं की लोक दगड घेऊन येतात."

"मी सैनिकाच्या इरोधात न्हाई, सायेब. मी सैनिकाची आई हाय."

"मला समजतं. म्हणून सांगतो. पंधरा ऑगस्टला ग्रामसभा आहे. तिथं नावाची दुरुस्ती करून घ्या. दुरुस्तीचा ठराव आला की मी पहिल्या पानावर छापतो. शब्द आहे."

बाहेर जिन्यात त्यांनी मला विचारलं, "तुमी त्या दिशी लिवून घेतलं हुतं न्हवं?"

"घेतलं होतं."

"याल?"

"येतो."

"वही घेऊन?"

"घेऊन येतो."

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर ग्रामसभा त्याच मंडपात भरली. शाळेची मुलं छातीवर कागदी झेंडे लावून पुढे बसली होती. माजी सैनिक पदकं लावून पहिल्या रांगेत. मी टेबलाशेजारच्या खुर्चीत. वही खांद्याच्या पिशवीत. येताना एसटीत ते पान काढून पाहिलं होतं आणि खूण म्हणून तिकीट घातलं होतं.

शालनबाई आपणहून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ठराव सातमधनं माझं नाव काढायचं."

सुभेदारांना हे ठाऊक असावं. ते रागावले नाहीत. "वहिनी, सैन्य तर जाणार नाही. ठराव आता मेलेला आहे. मेलेल्या ठरावातनं नाव काढून काय करणार?"

"ठराव मेला, पर माझं नाव जित्तं हाय की त्यात. त्ये तिकडं फळ्यावर लागलंय."

"तुम्ही चर्चेत बोललात, मान्य. पण मी बसा म्हणालो आणि तुम्ही बसलात. गप्प बसणं म्हणजे संमती, असं सभेचं शास्त्र आहे."

"मी बसन्याआदी न्हाई म्हून लिवा म्हनलं हुतं."

"गुरव, असं म्हणाल्या होत्या?"

गुरव म्हणाले, "गडबड होती, साहेब. लोक उठत होते. नक्की आठवत नाही."

सुभेदारांनी मंडपाकडे पाहिलं. "कुणी ऐकलं होतं?"

कडेला तो म्हातारा आजही उभा होता. तो म्हणाला, "कायतरी बोलली हुती बया. पर मी टँकरचं झाल्यावर भाईर आलो हुतो." पहिल्या रांगेतली पदकं समोर बघत होती. टँकर महिनाभर नियमित येत होता, वर एक दिवस, खाली एक दिवस.

"हे बघा वहिनी," सुभेदार म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखर काळजी होती. "विलास माझा पुतण्या आहे. आज त्याच्या साहेबाच्या फळ्यावर त्याच्या आईचं नाव आहे. उद्या दुरुस्ती गेली तर त्याच फळ्याखाली त्याला उभं राहायचंय. मी तीस वर्षं काढली आहेत तिथं. लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. तरी मी अन्याय करणार नाही. गावाचा माणूस नको, त्रयस्थ साक्षीदार असेल तर दुरुस्तीचा ठराव मी स्वतः मांडतो." ते माझ्याकडे वळले. "मोकाशीसाहेब, तुम्ही होतात. सांगा. वहिनींनी विरोध नोंदवा असं म्हटलं होतं का?"

शालनबाई माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. निश्चिंत होत्या. काम झालंच आहे अशा.

मला एक शब्द बोलायचा होता. हो. त्यानंतर दुसरा प्रश्न आला असता: मग तुम्ही छापलंत ते काय? तो कुणी विचारला नसता तरी दुसऱ्या दिवशी आमच्याच कार्यालयात विचारला गेला असता. आणि मुलं होती, झेंडे होते, पहिली रांग होती. मी भ्यालो असं म्हणणं सोपं आहे. पण तेवढंच नव्हतं. मला त्या क्षणी एक वाक्य सुचलं, जे पूर्ण खरं होतं. पंधरा वर्षांच्या सवयीनं सुचलं.

"मी बातमी ठरावावरून दिली," मी म्हणालो.

"म्हणजे ठरावात आहे तेच झालं."

मी काही बोललो नाही. सभेचं शास्त्र त्यांनी नुकतंच सांगितलं होतं.

"विषय संपला," सुभेदार म्हणाले. "पुढचा विषय, शाळेचे पत्रे."

शालनबाई बसल्या नाहीत. बायकांच्या रांगांमधून वाट काढत मंडपाबाहेर गेल्या.

परतीची एसटी दीड वाजता होती. मी फाट्यावरच्या शेडमध्ये बसलो होतो. त्या आल्या आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या राहिल्या.

"वही पिशवीत हुती?"

"होती."

"मला वाटलं इसरला आसाल."

"नाही. होती."

त्यांनी मान हलवली.

"त्ये पान फाडून द्या."

मी वही काढली, पान फाडलं. त्यांनी ते उन्हात धरून ओठ हलवत वाचलं. माझं अक्षर घाईचं होतं. दोन शब्द लागले नाहीत, ते विचारून घेतले.

"ह्येच म्हनले हुते," त्या म्हणाल्या. "एक अक्षर हिकडचं तिकडं न्हाई. आता खाली सही करा. तारीख घाला. नाव लिवा, पेपरचं नाव लिवा."

मी सही केली. तारीख घातली, जूनमधली. पूर्ण नाव लिहिलं आणि पेन टोपणात घातलं.

"पेपरचं?"

"ते मला लिहिता येणार नाही, बाई."

"का?"

"ते कार्यालयाच्या परवानगीशिवाय..."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. कागदाची चौघडी करून त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली. "तिकडं शिक्का बगत्यात. पोरगं लहान वयातच पलटनीत गेलंय, त्यालाबी तीच सवय. तरी धाडून बगते."

लांबून एसटीचा आवाज आला. मला काहीतरी म्हणायचं होतं, त्याची जुळवाजुळव मी करत होतो.

"पुढल्या सीटवर बसा," त्या म्हणाल्या. "मागं लई धुरळा येतो." आणि गावाच्या वाटेला लागल्या.

विलास फडतरे दोन वर्षं वाढवूनच परत आला, २००५ च्या ऑक्टोबरात. धडधाकट आला. माझा कागद त्याला पोचला का, पोचला तर त्यानं तो वाचून काय केलं, हे मला कळलं नाही. गावानं त्याचा सत्कार केला, तेव्हा मी त्याच मंडपात होतो. शाल, श्रीफळ, भाषणं. विलास आईला उद्देशून बोलला, ऐन वेळी तिनं दिलेल्या अनुमोदनामुळं आपल्याला बळ आलं, असं म्हणाला. टाळ्या झाल्या. मग फोटोसाठी सगळे उभे राहिले. सुभेदार, विलास, मंगल, दोन्ही मुलं.

"वहिनी, या," सुभेदारांनी हाक मारली.

शालनबाई बायकांच्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या.

"आई, ये ना," विलासनं हाक मारली.

त्या उठल्या नाहीत. कुणाकडे न पाहता, मांडीवर हात ठेवून, बसून राहिल्या. थोडा वेळ थांबून मी त्यांच्याशिवाय फोटो काढला.